मुरायला ठेवलेल्या मोटरसायकली

ज्याच्या नखात कधी ग्रीस गेलं नाही त्याने इंजिनाबद्दल बोलू नये, एवढं एकच मत मिस्त्री आयुष्यभर धरून होता. बाकी कशावरही विचारा, तो खांदे उडवायचा. आणि नशीब बघा, नेमकं हे एक मत मोडायला त्याला मेहुणा मिळाला. सख्खा. बायकोचा पाठचा भाऊ.

मिस्त्रीचं गॅरेज चष्म्याचं दुकान आणि पिठाची गिरणी यांच्या मधे होतं. अरुंद, पण आत लांबवर गेलेली खोली. खिडकी एकही नाही, त्यामुळे भर उन्हाळ्यातही आत गारवा. वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत तो आणि त्याची बायको राहायची. गिऱ्हाईक नव्या गाड्यांचं नव्हतंच. नव्या गाड्यांवाले मोठ्या रस्त्यावरच्या काचेच्या शोरूममध्ये जायचे, तिथे सोफा असतो. मिस्त्रीकडे यायच्या वीस-वीस, तीस-तीस वर्षांच्या मोटरसायकली, आणि त्यांच्याहून जुने त्यांचे मालक.

गाडी आली की मिस्त्री काही विचारायचा नाही. गाडी सुरू करायला लावायचा, लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, त्याचं टोक इंजिनावर टेकवायचा आणि लाकडी मूठ कानाला लावून डोळे मिटायचा. मालक बापडा श्वास रोखून उभा. मिनिटभराने मिस्त्री म्हणायचा, "एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बसत नाहीये नीट." उघडून बघावं तर तसंच. अठ्ठावीस वर्षांत हा कान तीनदा चुकला होता, आणि त्या तिन्ही वेळा त्याला पाठ होत्या. गॅरेजवर पाटी नव्हती. "कानवाल्या मिस्त्रीकडे टाका," असं लोक एकमेकांना सांगायचे, तीच पाटी. नाव सोडलं तर त्या माणसाजवळ मिरवण्यासारखं दुसरं काही नव्हतं, आणि त्या नावाला तो जिवापाड जपायचा.

आता मेहुण्याकडे येऊ. मेहुणा वाईट नव्हता हो! लबाडसुद्धा नव्हता, तीच तर पंचाईत होती. लबाड माणसाला निदान आपण काय विकतोय ते ठाऊक असतं. हा जे विकायचा त्यावर याचाच सगळ्यांत आधी विश्वास बसायचा. आधी त्याने डास पळवणारी शिट्टी विकली. ती माणसाला ऐकू येत नसे, आणि डासांनाही येत नसावी. मग पाणी गोड करणारं चुंबक विकलं. मग केस उगवणारा कंगवा, तोही स्वतःचं टक्कल घेऊन. दर वेळी तोंडघशी पडून तो ताईकडे यायचा, दोन दिवस मान खाली घालून जेवायचा, आणि तिसऱ्या दिवशी त्याच्या डोळ्यांत पुन्हा तेच तेज.

या खेपेला तो निळ्या बाटल्या घेऊन आला. नाव 'निर्मळ सात'. आधीचे सहा कुठे गेले हे कुणी विचारलं नाही. बाटली पेट्रोलच्या टाकीत ओतायची. आतला कार्बन विरघळतो, धूर जातो, ॲव्हरेज वाढतं, आणि हे सगळं 'इंजिन न उघडता'. हे शेवटचे तीन शब्द तो आवाज बारीक करून म्हणायचा.

"अरे बाबा," मिस्त्री त्याला म्हणाला, "क्लीनर ही काही वाईट गोष्ट नाही. गाडी नवी असल्यापासून अधूनमधून थोडंथोडं घातलं तर उपयोग होतो. मी नाही म्हणत नाही. पण तीस वर्षांच्या टाकीच्या तळाला गाळ बसलेला असतो. तुझ्या बाटलीने तो एकदम सुटला की जाईल कुठे? सरळ कार्बोरेटरात. गाडी बंद."

"दाजी," मेहुणा कीव आल्यासारखं हसून म्हणाला, "हे सायन्स आहे."

मिस्त्रीने स्वतःच्या नखांकडे पाहिलं.

पहिली बाटली घेतली ती निवृत्त पोस्टमास्तरांनी. यांची मोटरसायकल एकतीस वर्षांची, आणि आवाज त्याहून जुना. खिडकीमागे बसून पस्तीस वर्षं "पुढे या!" ओरडल्याने त्यांना हळू बोलणं जमतच नसे. घरोघर ओळख. त्यांनी एखाद्याला चांगलं म्हटलं की संध्याकाळपर्यंत तो चांगला, आणि वाईट म्हटलं तर दुपारच्या आतच वाईट. बाटली ओतल्याच्या तिसऱ्या दिवशी ते गाडी ढकलत गॅरेजशी आले. शर्ट घामाने चिंब, चेहरा लालबुंद.

"कुठाय तो तुमचा मेहुणा?" आवाज गिरणीपलीकडे गेला. "मला फसवतो? मला? सगळ्या पेठेला सांगतो आता! एक घर सोडणार नाही!"

मिस्त्री मनातून, खोटं कशाला बोला, सुखावला. म्हटलं, चला, एकदाचं या निर्मळाचं तोंड बंद होईल. पण तेवढ्यात जिन्यावरून बायको खाली आली. तिने सगळं ऐकलं होतं. तिने पोस्टमास्तरांना आधी पाणी दिलं, बसायला स्टूल दिलं, आणि नवऱ्याला खोलीच्या टोकाला ओढून नेलं.

"अहो, एवढ्या वेळी सांभाळून घ्या."

"काय सांभाळून घ्या? मी आधीच सांगितलं होतं त्याला."

"सांगितलं होतं हो. तुम्हीच बरोबर. पण आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता, मी वाढवलाय त्याला. सगळ्या नातेवाइकांत त्याचं हसं झालंय. परवा पहिल्यांदा चष्मेवाल्याने त्याला खुर्ची दिली बसायला. हे जर मास्तरांनी गावभर केलं ना, तर तो पुन्हा मान वर करणार नाही. तुमच्या हातात आहे. करून टाका ना गाडी नीट. आणि त्याला कळू देऊ नका, हिरमुसेल."

लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती आणि तिने स्वतःसाठी काही मागितल्याचं मिस्त्रीला आठवत नव्हतं. हेही तिने स्वतःसाठी मागितलं नव्हतंच. तो परत पुढे आला. खोटं बोलायची सवय नसल्याने त्याचे कान तापले.

"मास्तर, गडबड झाली तुमची. असं लगेच चालवायचं नसतं. हे औषध... मुरावं लागतं."

"मुरावं?"

"दोन दिवस. सावलीत. ठेवून जा इथे."

पोस्टमास्तरांनी भुवया उंचावल्या, पण कानवाला मिस्त्री सांगतोय म्हटल्यावर ते गाडी ठेवून पायी गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी, गिरणी बंद असते तेव्हा, मिस्त्रीने शटर अर्धं खाली ओढलं आणि कामाला लागला. टाकी उतरवली, आतला तांबूस चिखल रॉकेलने तीनदा खंगाळून काढला. कार्बोरेटर सोडवून त्याचे पेट्रोल सोडणारे बारीक जेट तांब्याच्या एकेका तारेने मोकळे केले. एवढ्यावर थांबला असता तरी गाडी चालली असती. पण टाकी बसवून गाडी सुरू केल्यावर त्याने इंजिनाला स्क्रूड्रायव्हर टेकवून कान लावला आणि आतली खरखर त्याला ऐकू आली, आता ती तशीच सोडून देणं त्याच्या जिवावर आलं. त्याने इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, उघडलं. आत कार्बनचा बोटभर थर. धातूला ओरखडा जाऊ नये म्हणून तो लाकडाच्या पट्टीने खरवडायचा, मग रॉकेलचा बोळा, मग पुन्हा पट्टी. व्हॉल्व्ह घासून बसवले, हेडखाली सांधा बंद करणारं तांब्याचं नवं गॅस्केट घातलं. बायको शेजारी स्टुलावर बसून डब्याच्या झाकणात नट सांभाळत होती आणि मागेल तेव्हा विजेरी धरत होती. दोन दुपारी गेल्या.

पोस्टमास्तरांनी किक मारली आणि गाडी पहिल्याच किकेला सुरू झाली. असा गोड आवाज त्या इंजिनाने पंधरा वर्षांत काढला नव्हता. मास्तर आ वासून बघत राहिले.

"अरे वा! म्हणजे बाटलीत दम आहे! उगाच बोललो मी त्या पोराला."

त्यांनी मिस्त्रीची मजुरी विचारली नाही. विचारणार कशाची? मिस्त्रीने केलं काय होतं, नुसती गाडी तर ठेवून घेतली होती. "चहा घ्या एकदा माझ्याकडे, जागा दिलीत म्हणून," असं म्हणून ते गाडीवर बसले आणि निघाले, आणि त्यांनी खरोखरच एक घर सोडलं नाही.

आठवड्याभरात मेहुण्याच्या बाटल्या संपल्या. नव्या आल्या, त्याही संपल्या. लोक बाटली ओतायचे, गाडी अडखळायला लागायची, मग ती ढकलत मिस्त्रीकडे आणायचे. चिडून नाही हं, अगदी समजून उमजून. "मुरायला आणलीय." आणि मिस्त्री, बायकोच्या तोंडाकडे बघून, शटर अर्धं खाली ओढायचा.

आणि मग लोकांच्या अकलेला जे धुमारे फुटले, विचारू नका! कुणी म्हणे खोलीच्या उजव्या भिंतीला गाडी चांगली मुरते, गिरणीची थरथर लागते ना. कुणी म्हणे डावीकडेच, तिकडे गारवा जास्त. शाळेतल्या विज्ञानाच्या मास्तरांनी चष्मेवाल्याच्या काउंटरवर आकृती काढून कार्बनचे कण सावलीत कसे सैल होतात ते समजावून सांगितलं, आणि पाच-सहा माणसांनी माना डोलावल्या. एका शिंप्याने पैसे वाचवायला गाडी स्वतःच्या न्हाणीघरात मुरवली. ती सुरूच झाली नाही. तेव्हा सगळ्यांचं ठरलं की मिस्त्रीच्या भिंतीतच काहीतरी आहे.

मिस्त्रीत काहीतरी आहे असं मात्र एकाच्याही डोक्यात आलं नाही.

त्याने सवयीने स्क्रूड्रायव्हर उचलला की गिऱ्हाईक धावत यायचं. "अहो, अहो, हात लावू नका! मुरतंय!" एकजण तर जाताना सीटवर चिठ्ठी चिकटवून गेला, 'कृपया इंजिन उघडू नये'. जो माणूस कान लावून आजार सांगायचा, तो आता गाड्यांचा रखवालदार झाला होता. काम दुप्पट, तेही चोरून. मजुरी कोण देणार? लोक जागेचं भाडं म्हणून काहीतरी हातावर ठेवायचे, आणि जाताना मेहुण्याला दुवा द्यायचे.

"आता पुरे," एका दुपारी तो बायकोला म्हणाला. हातात कुणाच्या तरी गाडीचा पिस्टन होता. "मी हे काम अठ्ठावीस वर्षं केलं. लोक मला विसरायला लागलेत. परवा एक नवा माणूस आला आणि विचारतो, ती गार भिंत कुठेय? भिंत!"

बायको झाकणातले नट उगाच इकडून तिकडे करत राहिली. "थोडे दिवस. कंपनीचे मोठे साहेब येणार आहेत रविवारी. त्याला अख्ख्या विभागाची एजन्सी देणार आहेत. एकदा त्याचं बस्तान बसलं की मीच सांगेन त्याला सगळं."

"तू सांगशील?"

"सांगेन म्हटलं ना."

मिस्त्रीला तिचा राग आला, आणि राग आल्याचं वाईटही वाटलं. तो पुन्हा पिस्टन घासायला लागला.

रविवारी सकाळी नऊ वाजता बस स्टँडमागच्या मैदानात मांडव घातला होता. बाटल्यांचा ढीग, निळे फुगे, आणि खुर्च्यांच्या रांगा. मोठे साहेब पांढरे शुभ्र बूट घालून आले होते. त्यांच्या बुटांवर धूळ बसू नये म्हणून खुर्चीखाली पुठ्ठा अंथरला होता. पोस्टमास्तर पाहुण्यांच्या रांगेत, छातीवर बिल्ला. त्यांची मोटरसायकल मधोमध, पुसून लख्ख केलेली, आणि हँडलला निळा फुगा बांधलेला. मिस्त्री आणि त्याची बायको मागच्या रांगेत बसले होते. बायकोने ठेवणीतली साडी नेसली होती. भाऊ मंचावर उभा राहिला तेव्हा तिचे डोळे भरून आले. मिस्त्रीने ते पाहिलं आणि ठरवलं, आजचा दिवस निभावून न्यायचा. तोंड उघडायचं नाही.

मेहुणा बोलला छान. कार्बनवर बोलला, विज्ञानावर बोलला. पोस्टमास्तरांना उभं करून टाळ्या घेतल्या. तिथेच थांबायचं की नाही? पण टाळ्या मिळाल्या की माणसाला आणखी टाळ्या हव्या होतात.

"मित्रहो, एक काळ होता," मेहुण्याने हात पसरले, "इंजिन उघडण्याचा! हातोडी, पाना, काळे हात! गाडी एकदा उघडली की पहिल्यासारखी व्हायचीच नाही. चांगली इंजिनं या लोकांनी अशीच मारली. पण आता तो काळ संपला. दुसऱ्या कुणाचं कशाला, माझे स्वतःचे दाजी इथे बसलेत. अठ्ठावीस वर्षं इंजिनं उघडली त्यांनी. आज विचारा त्यांना. पाना हातातही धरत नाहीत! गाडी नुसती सावलीत ठेवतात. माणूस आपली चूक कबूल करतो यालाच मोठेपणा म्हणतात. दाजी, उभे राहा! टाळ्या!"

टाळ्या पडल्या. मिस्त्री उभा राहिला. टाळ्या घ्यायला नव्हे.

"खोटं आहे," तो म्हणाला.

लोक मागे वळले.

"ती गाडी बाटलीने साफ झालेली नाही. मी केलीय. मास्तरांचीही आणि तुम्हा सगळ्यांचीही. रोज दुपारी शटर ओढून. मुरणंबिरणं सब झूठ आहे, ते मीच काढलेलं सोंग आहे."

मग पुढच्या रांगेतून शिंपी म्हणाला, "मेहुण्याचं बरं चाललेलं बघवत नाही हो लोकांना." आणि हशा पिकला.

मिस्त्रीचं डोकं फिरलं. तो तरातरा मधे गेला, कुणाच्या तरी गाडीच्या डिकीतून पाने काढले आणि पोस्टमास्तरांच्या मोटरसायकलीपाशी बसला. "पुरावा पाहिजे ना? उघडतो! तुमच्यासमोर उघडतो!" पोस्टमास्तर "अहो, अहो" करत उठले, पण मोठ्या साहेबांनी हात वर केला. साहेबांना घाई नव्हती. "उघडू द्या," ते म्हणाले.

अर्ध्या तासात टाकी बाजूला, सायलेन्सर बाजूला, कार्बोरेटर बाजूला. लोक खुर्च्या सोडून भोवती गोळा झाले. त्या हातांचं काम बघायची सोय त्यांना बऱ्याच दिवसांनी आज झाली होती, आणि काही जण खरंच गुंग होऊन बघत होते. मिस्त्रीने शेवटचा नट सोडवला, हेड अलगद उचललं आणि उन्हात धरलं.

आत लख्ख. आरशासारखं. एवढीशी काजळी सोडली तर कार्बनचा कण नाही.

"बघा!" मिस्त्री ओरडला. "हा पिस्टन बघा! दोन दुपारी लाकडाच्या पट्टीने खरवडलंय मी! हे बाटलीचं काम आहे?"

गर्दीतून आधी एक लांब "आहाहा" निघाला. मग कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी.

"एकतीस वर्षांचं इंजिन!" विज्ञानाचे मास्तर गहिवरून म्हणाले. "आणि आत बघा, जसं काल कारखान्यातून निघालंय! म्हणजे बाटलीवर लिहिलंय ते शब्दशः खरं आहे!"

"अहो, मी केलंय!" मिस्त्रीचा आवाज फाटला. "हे गॅस्केट बघा! नवं कोरं! बाटली काय आत शिरून नवं गॅस्केट बसवते?"

मेहुण्याने क्षणभर गॅस्केटकडे पाहिलं. लबाड असता तर गडबडला असता. याने बाटली उचलली, मागचं लेबल वाचलं, आणि त्याचा चेहरा उजळला. "जुन्या सीलना नवजीवन," त्याने मोठ्याने वाचून दाखवलं. "दाजी, इथेच लिहिलंय! मलाही आजच कळलं!"

आता मात्र टाळ्या थांबेनात. मोठे साहेब पुठ्ठ्यावरून उठून स्वतः बघायला आले, आणि त्यांनी उघड्या इंजिनाचे फोटो काढून घेतले.

मिस्त्री हातात हेड घेऊन तसाच बसून राहिला. अठ्ठावीस वर्षांत याहून चांगलं काम त्याने केलं नव्हतं, आणि तेच काम त्याच्या विरुद्ध साक्ष देत होतं. त्याने गर्दीत बायकोला शोधलं. ती त्याच्याकडेच बघत होती. मागायची त्याला सवय नव्हती, आणि जे मागायचं होतं त्याची किंमत त्याला ठाऊक होती. एका बाजूला नवरा मातीत बसलेला, दुसऱ्या बाजूला मंचावर भाऊ, उभ्या जन्मात पहिल्यांदा ताठ मानेने उभा.

ती पुढे आली. लोकांनी वाट दिली.

"हे खरं बोलताहेत," ती म्हणाली. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "मी शेजारी बसलेली असायची. नट मी धरलेत. आणि हे करायला यांना मीच सांगितलं होतं, माझ्या भावाची लाज राहावी म्हणून. चुकलं माझं. माझ्या माणसाचं नाव घालवलं मी." मग मंचाकडे बघून, "ऐक रे. बाटलीने तुझ्या एकही गाडी सुधारलेली नाही. एकही नाही. सगळ्या तुझ्या दाजींनी केल्यात."

मिस्त्रीला वाटलं, झालं. सुटलो. आता कळलं सगळ्यांना.

"शेवटी बायको आहे ती," शिंपी शेजाऱ्याला म्हणाला. "नवऱ्याचीच बाजू घेणार."

"घ्यायलाच पाहिजे," शेजारी म्हणाला. "चांगल्या घरची दिसते."

आणि दोनचार बायांनी तिच्याकडे कौतुकाने पाहिलं. तिच्या खरेपणाचं कौतुक नव्हतं ते, निष्ठेचं होतं. लोक बाटल्यांच्या ढिगाकडे वळले. रांग लागली.

बायको नवऱ्याशेजारी मातीत बसली, ठेवणीतल्या साडीसकट. "लावा परत," ती म्हणाली. "दुसऱ्याची गाडी आहे." तिने पदर पसरून त्यात नट घेतले आणि एकेक त्याच्या हातात देत गेली. फुग्यांखाली बाटल्या खपत होत्या, आणि तो प्रत्येक नट नेहमीच्याच हिशोबाने, थोडा थोडा, आडवातिडवा आवळत होता. इतका वेळ रागावलेला तो माणूस, देवाशपथ सांगतो, आता जवळजवळ सुखात होता.

गाडी पहिल्या किकेला सुरू झाली. पुन्हा टाळ्या. "उघडूनसुद्धा बिघडली नाही बघा! केवढी ताकद औषधात!"

मेहुणा गर्दीतून वाट काढत आला. त्याचे डोळे पाणावले होते. त्याने मिस्त्रीचे दोन्ही काळे हात हातात घेतले. "दाजी, माझ्या मनात काही नाही. तुमचा व्यवसाय बुडाला, माणूस बोलून जातो. मी माफ केलं तुम्हाला. आणि साहेबांशी बोललोय मी. गॅरेजला कंपनीची पाटी देतायत. 'अधिकृत मुरवणी केंद्र'."

मिस्त्री काही बोलायच्या आत बायको उठली. "पाटी तुझ्या दाराला लाव. उद्यापासून आमच्याकडे एक गाडी मुरणार नाही. ज्याला इंजिन करून घ्यायचंय त्याने यावं, सांगावं, मजुरी द्यावी." भाऊ तिच्या तोंडाकडे बघत राहिला. तो खरंच दुखावला गेला होता, आणि ती रडत होती, पण तिने शब्द मागे घेतला नाही.

मग पोस्टमास्तर गाडी घ्यायला आले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, वाकले, आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलले.

"मिस्त्री, मला कळतं हो. मी काय मूर्ख आहे? गॅस्केट कसं नवं होईल? पण आता दोनशे घरांत सांगून बसलोय, काय करू?" त्यांनी छातीवरचा बिल्ला चाचपला. "बरं, ऐका. ती दुसरी बाटली आलीय ना, इंजिन ऑइलमध्ये घालायची? परवा घातली. तेव्हापासून गाडी नुसती ओरडते, चढावर पुढे जातच नाही."

"ऑइल जास्त निसरडं झालं. क्लच घसरतोय," मिस्त्री म्हणाला. त्याला कान लावावा लागला नाही. "ऑइल बदलावं लागेल, क्लच प्लेटा बघाव्या लागतील."

"तेच. उद्या आणतो. दुपारी. शटर जरा..."

"आणा ना," बायको मधेच म्हणाली. "पण सकाळी दहाला आणा, भर रस्त्यातून. आणि कुणी विचारलं तर सांगा, मिस्त्रीकडून क्लच करून घेतोय. तुमच्या नेहमीच्या आवाजात सांगा."

पोस्टमास्तर सरळ उभे राहिले. त्यांनी मंचाकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं. मग गाडीवर बसले.

"बघतो," ते म्हणाले.

मैदानातून रस्त्यावर जायला छोटासा चढ होता. गाडीने असा काही आवाज काढला की रांगेतली माणसं दचकून वळली. इंजिन जिवाच्या आकांताने ओरडत होतं, आणि मास्तर मुंगीच्या पावलाने चढ चढत होते. शेवटी तर त्यांनी दोन्ही पाय जमिनीला लावून ढकलायला सुरुवात केली, बिल्ला छातीवर आणि फुगा हँडलवर.

"काय आवाज आहे!" शिंपी म्हणाला आणि त्याने दुसरी बाटलीही मागितली.

"किती दिवस काढेल ती अशी?" बायकोने डोळे पुसत विचारलं.

मिस्त्रीने ऐकलं. "चार. फार तर पाच."

"मग पाच दिवस थांबू," ती म्हणाली आणि पाने पुसायला लागली.